न विचारता कापलेले पैसे

"पीएफ कापू नका, पैसे हातात द्या." मुरबाडच्या एमआयडीसीत, आसनगावच्या शेडमध्ये, पडघ्याच्या गोदामांत नव्याने कामाला लागणारी पोरं ठेकेदाराला पहिल्याच दिवशी जी दोन-तीन वाक्यं सांगतात, त्यातलं हे एक. ठेकेदार थोडे आढेवेढे घेतो आणि मग उपकार केल्यासारखा 'बरं' म्हणतो. आतून तो खूश असतो. का, ते पुढे येईलच.

मी पगाराचं सॉफ्टवेअर लिहितो. त्यात प्रत्येक कामगाराच्या नावापुढे एक छोटा चौकोन असतो, 'पीएफ लागू'. टिक असेल तर बारा टक्के जातात, नसेल तर नाही. शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या अख्ख्या पुस्तकात नव्हतं तेवढं राजकारण या एका चौकोनात आहे असं मला हल्ली वाटायला लागलंय. आस्थापनेत वीस माणसं असली आणि माणसाचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,०००च्या आत असला, तर ती टिक लागलीच पाहिजे, असं कायदा सांगतो. कामगाराला विचारायची सोयच ठेवलेली नाही. त्याने 'नको' म्हटलं तरी ते 'नको' कुठे टाइप करायचं, यासाठी कायद्यात रकाना नाही.

मग प्रश्न असा, की धडधाकट, अक्कलहुशारी असलेल्या माणसाने घाम गाळून मिळवलेले पैसे त्याला न विचारता, त्याच्याच भल्यासाठी म्हणून कापून ठेवण्याचा अधिकार कुणाला कसा मिळतो?

आयटीतल्या मित्रांना विचारलं तर उत्तर तयार असतं: "अरे, त्यांना सेव्हिंग कळत नाही." हे उत्तर आळशी आहे. शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही गावात चार दिवस राहा. बायकांचे बचत गट आहेत, पुरुषांच्या भिश्या आहेत. दोन शेळ्या म्हणजे आजारपणाची तरतूद असते, कणगीतला भात म्हणजे पावसाळ्याची. विशीतला पोरगा पैसे हातात मागतो तेव्हा त्याच्या डोक्यातही हिशोब असतो. दुसरी पाळी सुटते तेव्हा गावाकडे जाणारी एसटी निघून गेलेली असते. गाडी घेतली तरच नोकरी टिकते, आणि गाडीचा हप्ता दरमहा भरावा लागतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळणाऱ्या पेन्शनपेक्षा येत्या पाच तारखेचा हप्ता त्याला महत्त्वाचा वाटला, तर यात अडाणीपणा कुठे आला?

आता आकडे. मूळ पगार १२,००० धरा. कामगाराचे बारा टक्के म्हणजे १,४४० रुपये कापले जातात. मालकानेही तेवढेच घालायचे असतात. त्याच्या १,४४० पैकी साधारण १,००० पेन्शन खात्यात आणि ४४० पीएफमध्ये जातात. कामगाराला चिठ्ठीवर फक्त आपले गेलेले १,४४० दिसतात. म्हणून तो 'हातात द्या' म्हणतो, आणि त्या क्षणी मालकाचे १,४४० वाचतात. खूश होण्याचं कारण हे. काही ठिकाणी तर याहून वाईट चालतं. दोन्ही वाटे कामगाराच्याच ठरलेल्या मजुरीतून काढले जातात. कायद्याला हे मान्य नाही, पण रोजंदारीचा भाव ठरतानाच हा हिशोब आत घातलेला असला की पकडायचं कुणी?

म्हणजे 'हातात द्या' हे वाक्य स्वातंत्र्याचं वाटतं खरं, पण त्यातून निम्मा नफा दुसऱ्याच्या खिशात जातो. सक्तीच्या बाजूने मला पटणारं पहिलं कारण हेच आहे. 'नको' म्हणायची मुभा दिली, तर ते 'नको' कामगाराच्या तोंडून वदवून घेण्यात ज्याचा फायदा आहे तोच कामावर घेणारा असतो.

दुसरं कारण तत्त्वज्ञानातलं. डेरेक पार्फिट नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ साली आलेल्या आपल्या पुस्तकात एक अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली. आजचा मी आणि चाळीस वर्षांनंतरचा मी यांच्यातला धागा आपण समजतो तेवढा पक्का नसतो. तो म्हातारा जवळपास वेगळाच माणूस असतो. हे खरं मानलं, तर आजच्या पोराने त्याला उपाशी ठेवणं हा त्याचा खासगी मामला राहत नाही, ते दुसऱ्या कुणाला तरी उपाशी ठेवणं होतं. कामावर घेताना मुकादमासमोर पोरगा उभा असतो, म्हातारा नसतो. त्याच्या वतीने कुणी तरी बोलायला हवं, आणि कायदा ते बोलतो.

युक्तिवाद सुंदर आहे. फक्त एक अट त्यात गृहीत धरलेली आहे, की कापलेले पैसे त्या म्हाताऱ्यापर्यंत पोचतात.

आमच्या शेजारच्या काकांनी एका कारखान्यात बावीस वर्षं काढली. मशीन तेच, शेड तीच. या काळात ठेकेदार पाच झाले. प्रत्येक नव्या ठेकेदाराकडे नवा पीएफ नंबर. एका ठिकाणी नावात बापाचं नाव आधी, एका ठिकाणी आडनाव गायब, आणि जन्मतारीख दोन ठिकाणी १ जून, कारण मास्तरांनी शाळेत नाव घालताना आमच्याकडे निम्म्या गावाला १ जूनलाच जन्माला घातलंय. ठेकेदार बदलला की मुकादम सांगायचा, "जुना पीएफ काढून घ्या, नाहीतर अडकेल." काका काढून घ्यायचे. एकदा घरावर पत्रे आले, एकदा मुलीचं लग्न झालं. पैसे वाया गेले नाहीत. पण पीएफबरोबर पेन्शनचे पैसेही काढले की तेवढी सेवा पुसली जाते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. आम्ही सगळे नंबर एकत्र लावून पाहिले तेव्हा कागदावर साडेसात वर्षं उरली होती.

पार्फिटने जे विचारातून मांडलं, ते ठेकेदारीने काकांच्या बाबतीत प्रत्यक्ष करून दाखवलं होतं. एका मशीनसमोर बावीस वर्षं उभा राहिलेला माणूस नोंदवहीत पाच वेगवेगळी माणसं होता, आणि त्यातल्या एकालाही पेन्शन लागू नव्हती.

माझं मत असं झालंय की सक्तीला माझा विरोध नाही, पण सक्ती करणाऱ्यावर येणारं ओझं आपण फार हलकं समजतो. गावात कुणी मुंबईला जाताना शेजारणीकडे दागिन्यांचा डबा ठेव म्हणून ठेवून जातं. तिथे कुणाकडे ठेवायचा हे आपण निवडलेलं असतं, आणि परत येऊन मागायचं कामही आपलंच असतं. न विचारता घेतलेली ठेव वेगळी. तिथे नुसती ती सांभाळून भागत नाही. ज्याची आहे तो हरवला, त्याचं नाव चुकलं, तो गाव सोडून गेला, तर त्याला शोधून ती त्याच्या हातात द्यायची जबाबदारी घेणाऱ्याची. 'अर्ज नीट भरला नव्हता' हे उत्तर बँक देऊ शकते, कारण बँकेत मी आपल्या पायांनी गेलो होतो. इथे मला कुणी विचारलंच नव्हतं. भविष्य निर्वाह निधीकडे आजही हजारो कोटी रुपये असे पडून आहेत ज्यांच्यावर कुणी हक्क सांगितलेला नाही. त्यातल्या प्रत्येक रुपयामागे कधी तरी कुणी तरी उचललेलं काही तरी वजन आहे.

२०१४ साली यूएएन आला, म्हणजे नोकऱ्या कितीही बदला, माणसाला आयुष्यभर एकच नंबर. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला ही फार साधी गोष्ट वाटते. कुठल्याही टेबलाला एक 'प्रायमरी की' लागतेच. पण कायदा १९५२चा आहे. तो माणूस तोच आहे हे मानायला बासष्ट वर्षं लागली.

आणि तरी यूएएनने एकच गुंता सोडवला, एकामागून एक मालक बदलणाऱ्याचा. एकाच दिवशी दहा मालक असणाऱ्याचं काय? इथे मला पुण्याच्या बाबा आढावांची गोष्ट सांगायला हवी, कारण त्यांचं अख्खं आयुष्य या प्रश्नावर गेलं.

आढाव पेशाने डॉक्टर. १९५०च्या दशकात त्यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली. हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी रिकामी करतो, दुपारी दुसऱ्याची भरतो. त्याचा मालक कोण? व्यापारी म्हणणार, माझा नोकर नाही. हे खोटंही नव्हतं. सगळे कामगार कायदे 'एक मालक, एक नोकर' या जोडीवर बेतलेले, आणि या माणसाला जोडीदारच नाही. म्हणून त्याला रजा नाही, पीएफ नाही, पाठ गेली तर विचारणारं कुणी नाही.

इंजिनिअरिंगच्या डेटाबेसच्या तासाला 'मेनी टू मेनी' शिकवतात. एका विद्यार्थ्याचे अनेक विषय, एका विषयाचे अनेक विद्यार्थी. हे नातं दोन तक्त्यांत बसत नाही, मध्ये तिसरा तक्ता घालावा लागतो. १९६९चा महाराष्ट्राचा माथाडी कायदा म्हणजे तो तिसरा तक्ता. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगार संघटित केले होते. त्यांच्या आणि पुण्यातल्या हमालांसारख्यांच्या लढ्यातून हा कायदा आला. गोदी कामगारांसाठी १९४८ साली झालेल्या कायद्याचा नमुना समोर होता. व्यापाऱ्याने मंडळात नोंदणी करायची, हमालाने मंडळात नोंदणी करायची. व्यापारी मजुरी मंडळात भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरतो. त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना. मालक बदलत राहोत, हिशोब ठेवणारा बदलत नाही.

आपल्याकडे याआधी अनेक मालकांचा एक कामगार नव्हता असं नाही. बलुतेदार तोच होता. अख्ख्या गावाचं काम करायचा आणि सुगीला प्रत्येक खळ्यावरून धान्य घ्यायचा. पण ती हमी जातीला बांधलेली होती. हमी हवी असेल तर बापाचंच काम करायचं, त्याच गावात, त्याच पायरीवर. माथाडी मंडळाने हमी ठेवली आणि जातीची दावण काढली, निदान कागदावर तरी. (माथाडीच्या नावाखाली खंडणी गोळा करणाऱ्या टोळ्याही निघाल्या, हे खरं आहे. त्याचा बंदोबस्त करायलाच हवा. फक्त ते कारण पुढे करून कायदाच सैल करायची मागणी आली की मी सावध होतो.)

आढावांच्या कामात मला जास्त ओढतो तो त्याचा रटाळपणा. 'एक गाव एक पाणवठा' सगळ्यांना माहीत आहे. त्यात सभा होत्या, दौरे होते. पण लेव्ही किती टक्के, थकबाकी कुणाची, आणि पोतं किती किलोचं, यावर वर्षानुवर्षं भांडत राहणं ही वेगळ्या जातीची चिकाटी आहे. शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणा, ही मागणी हमाल पंचायतीने किती तरी वर्षं लावून धरली. डॉक्टरला हे आधी दिसणं साहजिक आहे. शंभर किलो वाहणाऱ्याची पाठ पन्नाशीतच जाते. मग साठीच्या पेन्शनचा उपयोग काय? आरोग्य आणि निवृत्ती या दोन योजना आपण दोन खात्यांत टाकल्यात, हमालाच्या मणक्यात त्या एकच असतात.

आमच्या भागात या दोन खात्यांमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजता येतं. ईएसआयचे पाऊण टक्का पगारातून जातात. टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याशी राहणाऱ्या कामगाराला ईएसआयचं मोठं रुग्णालय म्हणजे उल्हासनगर. एसटीने मुरबाड, तिथून पुढे, रांग, परत. एक खाडा पक्का. तापासाठी कुणी एवढं करत नाही. गावातल्या डॉक्टरकडे रोख देऊन सुई टोचून घेतो आणि पाऊण टक्का कापला जातच राहतो.

याच दोन तालुक्यांत पीएफच्या बरोबर उलटा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याआधी परततात. जाण्यापूर्वी भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते, पावसात चूल पेटती ठेवायला नाहीतर लग्नाला. पीएफमध्ये आजच्या कामाचे पैसे उद्या मिळतात; उचलीत उद्याच्या कामाचे पैसे आजच खाऊन झालेले असतात. हंगाम संपतो तेव्हा हिशोब मालकाच्या वहीत असतो, आणि त्या वहीत काही तरी बाकी निघतंच. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेला १९८२पासून ठाणे जिल्ह्यात माणसं सोडवत बसावं लागलं. इथेही मुद्दा नोंदवहीचाच आहे. वही कुणाच्या हातात आहे, यावर माणसाचं म्हातारपण ठरतं.

वही नीट असूनही पैसे बुडतात, त्याचंही उदाहरण जवळच आहे. आंबिवलीजवळच्या मोहोन्याची एनआरसी २००९ साली बंद पडली आणि कामगार पुढे वर्षानुवर्षं देण्यांसाठी भांडत राहिले. ग्रॅच्युइटीची गोम ही, की वर्षाला पंधरा दिवसांचा पगार हे कागदावर पक्कं असलं तरी बहुतेक ठिकाणी त्याचा वेगळा गल्ला नसतो. ते कंपनीच्याच हिशोबात 'देणं' म्हणून पडून असतं, आणि कंपनी बुडाली की कामगार बाकीच्या देणेकऱ्यांबरोबर रांगेत उभा राहतो. पीएफचा पैसा वेगळा काढलेला असतो, हा त्याचा खरा मोठेपणा. 'हातात द्या' म्हणणाऱ्या पोराला मी समजवायला बसलो तर व्याजदराच्या आधी हे सांगीन.

पण मग तो विचारील, "दादा, शेवटी मिळतात किती?" आणि इथे माझी पंचाईत होते. कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ला महिना १,००० रुपये ठरली आणि पुढची दहा वर्षं तिथेच राहिली. राज्य सरकारच्या श्रावणबाळ योजनेत पासष्टीच्या गरीब म्हाताऱ्याला २०२३पासून १,५०० मिळतात. ज्याचे पैसे न विचारता कापले त्याला हजार, ज्याचे कापलेच नाहीत त्याला दीड हजार. श्रावणबाळचे दीड हजार कुणाचे कमी व्हावेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. तेही तुटपुंजेच आहेत. पण सक्तीचं समर्थन करणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघावेत.

आढाव आणि अरुणा रॉय यांनी २०१२च्या सुमारास पेन्शन परिषद सुरू केली तेव्हा मागणी मालक-नोकर या जोडीच्या बाहेरची होती. काम कुठेही केलेलं असो, म्हातारपणी प्रत्येकाला पेन्शन, निदान २,००० रुपये किंवा किमान वेतनाच्या निम्मी. ज्या माणसाने पन्नास वर्षं हमालांचे मालक शोधण्यात घालवली, तो शेवटी म्हणत होता की मालक सापडण्यावर म्हातारपण टांगून ठेवू नका. मला यात त्यांचा पराभव दिसत नाही. ज्याचा कुठलाही कागद सापडत नाही अशी माणसं त्यांनी माझ्यापेक्षा फार जास्त पाहिली होती.

२१ नोव्हेंबर २०२५ला चार कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत घरपोच सेवा देणाऱ्या अॅपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के कामगारांच्या निधीत घालावेत अशी तरतूद आहे. शहापूरहून लोकलने कल्याणला येऊन, मित्राची गाडी घेऊन दिवसभर पार्सलं पोचवणारा पोरगा दोन-तीन अॅप्स एकाच वेळी चालू ठेवतो. त्याचा मालक कोण? पुन्हा तोच हमालाचा प्रश्न, आणि उत्तरही जवळपास लेव्हीचंच. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, डिसेंबरात, बाबा आढाव गेले. पंचाण्णव वर्षांचे होते.

त्याच्या आधी ऑक्टोबरात पीएफच्या विश्वस्त मंडळाने आणखी एक गोष्ट ठरवली. नोकरी सुटल्यावर सगळा पीएफ काढून घ्यायला दोन महिन्यांऐवजी बारा महिने थांबायचं, आणि पेन्शनचे पैसे काढायला छत्तीस. कारण बरोबर आहे. काकांसारखी साडेसात वर्षं उरू नयेत म्हणूनच हे. पण छत्तीस महिने माझे पैसे अडवून धरणाऱ्याने या छत्तीस महिन्यांत एकदा तरी स्वतःहून मला कळवायला हवं, की तुझी एवढी वर्षं झाली, एवढी राहिली, काढू नकोस. मराठीत, फोनवर, ओटीपी न मागता. हे करायला अवघड नाही. आम्ही इंजिनिअर लोक गाडीच्या हप्त्याची आठवण करून देणारे मेसेज पाच तारखेच्या तीन दिवस आधी बिनचूक पाठवतो.

पेन्शन सुरू झाली तरी दर वर्षी माणसाला आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. आता तो यंत्रावर अंगठा ठेवून देता येतो. मुरबाड तालुक्यातलं धसई २०१६ साली राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं होतं, तेव्हा आमच्याकडे यंत्रांचं नवल उरलेलं नाही. पण ज्यांनी आयुष्यभर विटा, पोती नाहीतर लोखंड हाताळलं, त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र अंगठा ओळखत नाही. दुकानदार बोट ओल्या फडक्याने पुसायला सांगतो, मग दुसरं बोट, मग दुसरा हात. अलीकडे चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, त्यासाठी बरा कॅमेरा असलेला फोन लागतो. तो बहुतेक वेळा नातवाकडे असतो, आणि नातू पाळीवर गेलेला असतो.